माल बांधल्याशिवाय गेट पास नको : लोखंड-पोलादाच्या व्यापाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
दारूखाना, रे रोड, कळंबोली आणि तळोजा इथले लोखंड-पोलादाचे व्यापारी, गोदाममालक आणि माल रवाना करणारे सर्व व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे एकच मागणी आहे, ती आधीच सांगून टाकतो. ट्रेलरवर चढवलेला माल नीट बांधला आहे हे तुमच्या माणसाने स्वतः पाहून, सही करून दिल्याशिवाय त्या गाडीला गेट पास देऊ नका. बाकी पत्र हे का आणि कसं जमेल, यासाठी आहे.

हे पत्र मी वाहतूक पोलिसांना किंवा आरटीओला लिहू शकलो असतो. ड्रायव्हर मंडळींना उद्देशूनही लिहिता आलं असतं. पण मुंबई बंदरात आणि नंतर रस्त्यावर माल बांधण्याच्या कामात वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की या साखळीत खरा अधिकार एकाच जागी आहे आणि ती जागा म्हणजे तुमचं गेट. पोलीस गाडी पाहतो तेव्हा ती धावत असते. आरटीओचा अधिकारी पाहतो तेव्हा माल ताडपत्रीखाली असतो. ड्रायव्हर पाहतो तेव्हा मागे आणखी चार गाड्या भरायला उभ्या असतात आणि मुकादम ओरडत असतो, "चल, गाडी काढ!" निवांत उभी असलेली गाडी, उघडा माल, जवळ क्रेन आणि हाताशी माणसं हे सगळं एकाच वेळी फक्त तुमच्या आवारात असतं. तिथून गाडी बाहेर पडली की चूक दुरुस्त करायची सोय संपली.

इंदिरा गोदीत कॉइलचं, म्हणजे पोलादी पत्र्याच्या अवजड गुंडाळ्यांचं, जहाज लागतं, तेव्हा होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, उतरून पाहावं. तळाला लाकडाच्या फळ्या टाकलेल्या असतात. त्यावर कॉइली आडव्या ओळीत एकमेकींना खेटून बसवलेल्या, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना पाचरी ठोकलेल्या. ओळ भरत आली की शेवटची कॉइल वरून दोघींच्या मधल्या खाचेत सोडतात. तिच्या वजनाने अख्खी ओळ दोन्हीकडे दाबली जाऊन घट्ट होते. मग पोलादी पट्ट्या ओढून कॉइली एकमेकींना आवळतात. जहाजावर माल बांधणीचं मॅन्युअल असावंच लागतं, त्याप्रमाणे बांधणी झाली की नाही हे चीफ ऑफिसर स्वतः खाली उतरून बघतो, आणि मनासारखं नसेल तर जहाज सोडत नाही. समुद्र खवळला आणि एक कॉइल सुटली तर ती होल्डची भिंत फोडते, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून ती कॉइल हजारो मैल येते आणि बोटभरही सरकत नाही.

तीच कॉइल क्रेनने उचलून ट्रेलरवर ठेवली जाते. ट्रेलरचा पत्रा गुळगुळीत, त्यावर आधीच्या खेपेचं तेल. कॉइलच्या पुढेमागे लाकडाचे दोन-दोन गुट्टे, तेही बहुतेक वेळा मोडक्या पॅलेटचे. वरून नायलॉनचा एक दोर, फार तर दोन, आणि फाळक्याच्या, म्हणजे ट्रेलरच्या कडेच्या पाटीच्या, हुकाला गाठ. ड्रायव्हर गुट्ट्याला बुटाने एक ठोकर मारून बघतो, गुट्टा हलला नाही की निघाला. पुढे सायन-पनवेल महामार्गाचे खड्डे, वाशीच्या खाडीपुलावरची मुंगीच्या गतीची रांग, मुंब्रा बायपासची वळणं, नाहीतर बोरघाट. जहाजावर जिला इतकं जपलं, ती कॉइल आता शाळेच्या बसशेजारून चालली आहे आणि तिला धरून ठेवायला फक्त एक गाठ आहे.

"इतकं वजन आहे, ते हलतंय कुठे?" हे वाक्य मी गोदामागोदामांतून ऐकलं आहे. सगळा घोळ याच समजुतीत आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीही तो करू शकता.

गाडीने जोरात ब्रेक मारला की माल पुढे जाऊ पाहतो. युरोप आणि अमेरिकेत बांधणीचे नियम करताना हा पुढचा रेटा मालाच्या वजनाच्या ८० टक्के धरतात आणि बाजूचा व मागचा ५० टक्के. म्हणजे २० टनांच्या कॉइलला जोराच्या ब्रेकला १६ टनांनी पुढे ढकललं जातं. तिला अडवायला आधी असतं घर्षण. कोरड्या लाकडावर पोलाद असेल तर घर्षण वजनाच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ६ टन. कोरड्या पत्र्यावर पोलाद असेल तर २० टक्क्यांच्या आसपास. तेल किंवा पावसाचं पाणी असेल तर त्याहूनही कमी. लाकूड धरून चालू. १६ मधून ६ गेले, उरले १० टन. ते कोण धरणार? वरून आवळलेला पट्टा.

चांगल्या लांब दांड्याच्या रॅचेटने, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या दात्यांच्या कळीने, ५० मिमीचा पट्टा जीव लावून आवळला तर त्यात साधारण ५०० किलोचा ताण येतो. दोन्ही बाजूंचा मिळून तो कॉइलला एक टनाने खाली दाबतो. कडेवर घासून पलीकडच्या बाजूचा ताण थोडा कमीच भरतो, पण तेही सोडून देऊ. एक टन दाबाचं ३० टक्के घर्षण म्हणजे ३०० किलो. १० टन धरायला असे किती पट्टे लागतील? तेहतीसहून जास्त. कोणत्या ट्रेलरवर तुम्ही चौतीस पट्टे पाहिले आहेत? आणि इथे तर आपण रॅचेटच्या पट्ट्याची गोष्ट करतोय, हाताने ओढून गाठ मारलेल्या दोराची नव्हे. त्यात गाठ मारली की दोराची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि उन्हात वर्षभर राहिलेला दोर तर बोटाने चोळला तरी भुसा होतो.

आता याच हिशेबात एकच बदल करा. कॉइलखाली आणि गुट्ट्यांखाली जाड रबरी मॅट टाका. घर्षण ६० टक्क्यांवर जातं. २० टनांचे १२ टन मॅटनेच धरले. उरले ४ टन, आणि प्रत्येक पट्टाही आता ६०० किलो धरतो. म्हणजे सात पट्टे, सुरक्षेसाठी वर दोन धरले तर नऊ. त्याऐवजी कॉइलच्या मधल्या भोकातून १० मिमीच्या, ८० ग्रेडच्या (जास्त मजबूत पोलादाच्या) दोन साखळ्या मागच्या बाजूला पंचेचाळीस अंशांत ओढून बाइंडरने, म्हणजे साखळी ताणायच्या कळीने, ताणल्या तर काम आणखी सोपं होतं. अशा एका साखळीची बांधणीतली मंजूर ताकद ६.३ टन असते. तिरकस ओढल्यामुळे त्यातले सव्वाचार-साडेचार टन पुढच्या रेट्याला उपयोगी पडतात. दोन साखळ्या मिळून ४ टन सहज धरतात आणि हाताशी भरपूर शिल्लक राहते. तेहतीस-चौतीस पट्ट्यांचं अशक्य काम रबराच्या चार तुकड्यांनी शक्य होतं. या धंद्यात पैशाच्या मानाने सर्वांत जास्त जीव वाचवणारी वस्तू कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी मॅटचंच नाव घेईन.

वळणाचंही असंच आहे. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं तर बाजूचा रेटा वजनाच्या सुमारे ४२ टक्के होतो. २० टनांना तो आठ टनांच्या वर जातो. लाकडावरच्या घर्षणाला तो झेपत नाही. म्हणून वेग फारसा नसतानाही सर्कलला कॉइल बाजूला उतरते आणि लोक म्हणतात, "ड्रायव्हरने वळण जोरात घेतलं." त्याने जोरात घेतलं असेल वा नसेल, कॉइल सैल होती एवढं नक्की.

पाचरींबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. कॉइलच्या पुढे एक आणि मागे एक गुट्टा ठेवला की ती थांबली असं वाटतं. पण गुट्टे पत्र्यावर सुटे असतील तर ब्रेकला कॉइल त्यांना पुढे ढकलत नेते, किंवा दोघे फाकतात आणि कॉइल मधून तळावर टेकते. तळावर टेकली की पाचर संपली. खरी बैठक अशी असते : दोन्ही पाचरी खालून आडव्या लाकडाने किंवा लोखंडी पट्टीने एकमेकींना जोडलेल्या, उतार पस्तीस अंशांच्या आसपास, आणि कॉइल पूर्ण भार त्या उतारांवर टाकून बसलेली, तळापासून किमान वीस मिलिमीटर वर. कॉइल ठेवल्यावर खालून लाकडाची एक पातळ पट्टी आरपार सरकवून बघा. सरकली तर बैठक ठीक. अडली तर क्रेनला सांगा परत उचल. ही तपासणी मिनिटभराची आहे, आणि ती क्रेन जवळ असतानाच होऊ शकते.

भोक कोणत्या दिशेला, हेही भरण्याआधी ठरवायला हवं. भोक बाजूला असेल तर कॉइल पुढे केबिनच्या दिशेने गडगडते. भोक मागे-पुढे असेल तर ती बाजूच्या लेनमध्ये गडगडते आणि ब्रेकला केबिनवर घसरत येते. दोन्हीचा बंदोबस्त वेगळा. लांबीच्या दिशेने खोलगट बैठक असलेल्या कॉइलच्या ट्रेलरमध्ये भोक मागे-पुढे ठेवलं की बाजूला लोळण्याचा प्रश्न उतारच सोडवतात, आणि पुढे घसरू नये म्हणून समोर मजबूत खुंट आणि साखळी लागते. सपाट ट्रेलरवर हे सगळं माणसालाच करावं लागतं. जे नियमित कॉइल पाठवतात त्यांनी सपाट ट्रेलर बोलावणं हळूहळू थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हर लोकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानावर येते, ती व्यापारी मंडळींना बहुधा माहीत नसते. मागे सैल कॉइल असलेला जाणता ड्रायव्हर जोरात ब्रेक मारत नाही. त्याला ठाऊक असतं, की ब्रेक लागला तर कॉइल केबिनचा पत्रा फाडून त्याच्या आणि क्लीनरच्या अंगावर येईल. आपल्याकडच्या ट्रेलरला केबिनमागे जी जाळी किंवा पत्रा असतो, तो २० टनांना थोपवायला केलेलाच नसतो. मग समोर अचानक रिक्षा थांबली, दुचाकी घसरली, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : ब्रेक मारून स्वतः मरायचं किंवा हळू ब्रेक लावत समोरच्यावर जायचं. ही वेळ त्याच्यावर रस्त्याने आणलेली नसते. तुमच्या गेटमधून बाहेर पडला तेव्हाच ती त्याच्यासोबत निघालेली असते. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं ते "भरधाव ट्रेलरची धडक".

आता बांधायचं कोणी, या भांडणाकडे येतो. खरं घोडं इथेच अडतं. माथाडी टोळी क्रेनच्या मदतीने माल चढवते आणि तिचं काम तिथे संपतं. तिची मजुरी टनावर असते. बांधण्याची मजुरी माझ्या पाहण्यात तरी क्वचितच कुणी वेगळी लावलेली आहे. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, माझा दर भाड्याचा आहे. मालक म्हणतो, माल गाडीवर चढला की जबाबदारी गाडीवाल्याची. उरतो ड्रायव्हर. त्याच्या भत्त्यातून दोर, त्याच्या भत्त्यातून गुट्टे, आणि वर घाई. चौघांपैकी कमाई सगळ्यांत कमी कुणाची, तर त्याचीच. बांधणीचा सगळा भार मात्र त्याच्याच डोक्यावर.

माथाडी कायदा १९६९ चा. हमालाची मजुरी, त्याचं हित आणि कामाच्या अटी ठरवण्यासाठी मंडळ असावं, हा विचार महाराष्ट्राने तेव्हाच केला. लोखंड बाजारासाठी स्वतंत्र मंडळही आहे. बांधणी हे वेगळं, कौशल्याचं काम आहे असं मानून त्याचा वेगळा दर ठरवावा, टोळीतल्या दोघा-तिघांना त्याचं प्रशिक्षण द्यावं, ही मागणी व्यापाऱ्यांनी मंडळाकडे स्वतः पुढाकार घेऊन केली तर टोळ्या ती नाकारणार नाहीत असं मला वाटतं. जो माणूस कॉइल कुठे ठेवायची हे क्रेनवाल्याला हाताने दाखवतो, त्याच्याइतका चांगला बांधणारा दुसरा मिळणार नाही.

कायदा आहे, पण तुमच्या मनात असलेली त्याची कल्पना अपुरी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. गाडीबाहेर डोकावणाऱ्या सळ्यांवर २०१४ पासून बंदी आहे. आणि हे कलम फक्त गाडी चालवणाऱ्याला धरत नाही. चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरतं. म्हणजे "माल गाडीवर चढला, माझा संबंध संपला" हे म्हणणं कायद्यालाही मान्य नाही. तरीही रस्त्यावर काय होतं, ते तुम्ही जाणता. वजनाला काटा आहे, उंचीला टेप आहे. बांधणी तपासायला उभ्या असलेल्या हवालदाराकडे काहीच नाही, फक्त नजर. म्हणून वजनाचा दंड होतो आणि सैल माल सलाम ठोकून पुढे जातो.

अमेरिकेत बांधणीच्या साखळ्या-पट्ट्यांची मिळून मंजूर ताकद मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी चालत नाही. साडेचार टनांच्या वरच्या यंत्राला चार कोपऱ्यांत चार बांधण्या लागतात. मोठ्या कॉइलसाठी वेगळा नियम आहे. निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत ड्रायव्हरने थांबून बांधणी पुन्हा तपासायची असते. यातलं प्रत्येक कलम आपल्याकडे आजच्या आज तुमच्या आवारात लागू होऊ शकतं. त्यासाठी दिल्लीहून अधिसूचना यायची वाट पाहायला नको.

कॉइलवर इतकं लिहिलं, कारण मारणारी तीच. पण बाकीचा मालही साधा नाही. सळ्यांचे भारे ब्रेकला एकेक सळई म्हणून पुढे सुटतात, भारा म्हणून नव्हे. म्हणून पुढे भक्कम आडोसा हवा आणि भारे मध्ये दोन-तीन ठिकाणी वेगळे आवळलेले हवेत. पाइपांना बाजूचे खुंट मालाच्या उंचीहून वर हवेत. वरच्या थरातला एक पाइप खुंटावर चढला की पट्टा सैल आणि मग सगळेच मोकळे. पत्र्याच्या बंडलांना कडेला रबराचा किंवा पत्र्याचा कोपरा लावल्याशिवाय पट्टा टाकू नका. उघडी कड पट्टा सुरीसारखी कापते, आणि तो तुटतो तो बहुतेक घाटात. पोकलेनला चारही कोपऱ्यांतून साखळी, आर्म खाली टेकलेला आणि तोही बांधलेला. सगळ्यात महत्त्वाचं, हुक. फाळक्याच्या कडेला सळई वाकवून वेल्ड केलेल्या हुकांवर १० मिमीची साखळी बांधणं म्हणजे नुसता देखावा. साखळी तुटण्याआधी हुक उपटून येतो. साखळी चासीला धरलेल्या बिंदूलाच हवी.

मुंबईत हे सगळं जमत नाही असं म्हणू नका. मेट्रोचे गर्डर रात्री याच शहराच्या रस्त्यांवरून गेले. पुढे पायलट गाडी, मागे माणसं, प्रत्येक साखळीची नोंद. घाटकोपर, अंधेरी, दहिसर कुठेही पाहिलं तरी तीच शिस्त. तिथे कंत्राटात लिहिलेलं असतं आणि गर्डर पडला तर जबाब कुणाला द्यायचा हे आधीच ठरलेलं असतं. तुमच्या २० टनांच्या मालासाठी तसा पायलट नको, रात्रीची वेळ नको, फक्त ते लिहून ठेवणं आणि सही करणं हवं.

खर्चाचं बोलू. २० टनांची कॉइल आजच्या भावाने दहा लाखांच्या आसपास जाते. चांगला ५० मिमीचा रॅचेट पट्टा हजाराच्या आसपास मिळतो आणि नीट वापरला तर शेकडो खेपा चालतो. साखळी आणि बाइंडर त्याहून महाग, पण वर्षानुवर्षं टिकतात. मॅट आणि पाचरी गोदामाने द्याव्यात, पट्टे आणि साखळ्या गाडीसोबत ट्रान्सपोर्टवाल्याने ठेवाव्यात, आणि बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, बांधणीचा आकार वेगळ्या ओळीत लावावा. तो आकार भाड्यात गाडून टाकलात, की पहिल्याच घासाघिशीत कापला जाईल. वेगळी ओळ असेल तर कापताना माणूस थबकतो, कारण तिच्यावर "बांधणी" असं लिहिलेलं असतं.

घाईचंही एक खोटं कारण दिलं जातं. म्हणतात, ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या वाहतूक पत्राची, मुदत संपते. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. कळंबोलीहून पुण्याला जाणाऱ्या गाडीला पूर्ण दिवस असतो. घाई सरकारने लावलेली नाही. ती गेटवरच्या रांगेने आणि शहरातल्या नो एंट्रीच्या वेळेने लावलेली आहे. नो एंट्री लागायच्या आत खाडी ओलांडायची म्हणून बांधणी अर्धवट सोडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. रांगेवर उपाय आवारात आहे : क्रेनखाली बांधायचं नाही, क्रेनच्या पुढे दहा-वीस मीटरवर एक मोकळी जागा आखायची, गाडी तिथे सरकवायची आणि तिथे बांधायची. क्रेन थांबत नाही, रांग थांबत नाही, बांधणीही होते. पाचर तेवढी क्रेनखालीच तपासायची.

निघाल्यावर तपासणी हवीच, कारण नवे पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्ये ढिले पडतात आणि लाकूड दाबून बसतं. एक्स्प्रेसवेवर कडेला गाडी लावायची नसते, आणि लावावी अशी ती जागाही नाही. म्हणून तपासणी एक्स्प्रेसवेवर चढण्याआधी व्हायला हवी. कळंबोलीतच बाजाराच्या बाहेर, ट्रक टर्मिनलच्या बाजूला, दिवे असलेली एक जागा राखून ठेवा. गाडी गोदामातून निघते, चार-पाच किलोमीटर खड्ड्यातून येते, तिथे थांबते, रॅचेट पुन्हा आवळते, मग घाटाला लागते. पाच मिनिटं. पावसाळ्यात तर यात हयगय नको, कारण तेव्हा लाकूड भिजतं, चिखल येतो आणि घर्षणाचा सगळा हिशेब खाली घसरतो.

आणि एक. सही कुणाची हवी, तर तुमच्या लोडिंग सुपरवायझरची, ड्रायव्हरची नव्हे. ड्रायव्हरची सही घेणं सोपं आहे, तो कशावरही करतो, त्याला गाडी काढायची असते. गेट पासवर एक छोटा चौकोन छापा : मॅट आहे, पाचरी जोडलेल्या आहेत, साखळ्या किती, हुक चासीला, कोपरे लावले. त्याखाली सुपरवायझरचं नाव आणि वेळ. सोबत मोबाइलवर दोन फोटो, एक बाजूने, एक मागून. अपघात झालाच, तर विमा कंपनी आणि पोलीस दोघंही पहिलं विचारतात ते हेच, आणि आज त्यावर कुणाकडेही उत्तर नसतं.

यातली एखादी गोष्ट व्यवहारात बसत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर ती मला समजून घ्यायची आहे. मे महिन्याच्या आत, पावसाच्या आधी, कळंबोलीतल्या कुठल्याही एका गोदामाने रविवारी सकाळी एक रिकामा ट्रेलर, एक कॉइल आणि क्रेन द्यावी. मॅट, साखळ्या, बाइंडर आणि पट्टे मी घेऊन येतो. माथाडी टोळीतले, ड्रायव्हर मंडळी आणि तुमचे सुपरवायझर तिथे असावेत. आधी नेहमीसारखी दोर-गुट्ट्यांची बांधणी करू आणि ट्रेलर आवारातच ताशी दहा-पंधरा किलोमीटरने चालवून ब्रेक मारू. अर्थात पुढे कुणी उभं राहणार नाही, केबिनमागे लाकडाचा भक्कम आडोसा असेल आणि कॉइल छोटी, दोन-तीन टनांचीच घेऊ. मग तीच कॉइल मॅट आणि साखळीने बांधून पुन्हा तसंच करू. प्रत्येक वेळी कॉइल किती सरकली, ते खडूने पत्र्यावर आखू. बांधणीला किती मिनिटं लागली तेही घड्याळ लावून मोजू. त्यानंतर दराची आणि सहीची चर्चा तिथेच, ट्रेलरशेजारी बसून करता येईल.

गोदाम कोणाचं आणि रविवार कोणता, एवढं बाजार समितीमार्फत कळवावं.

आपला नम्र,
मुंबई बंदरातला एक लॅशिंग सुपरवायझर